काळ्या कॅसेटमधल्या मोकळ्या जागा

माझ्या साडूइतका निरुपद्रवी माणूस आजवर सैतानाच्या नादी लागलेला नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. मूळचा चिंचवडचा, आता मेलबर्नजवळच्या वेरिबीचा, एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. घरात तळहाताएवढा हंट्समन कोळी निघाला तर साडू त्याला मारत नाही. तो कोळ्यासाठी खोली मोकळी करून देतो आणि लॅपटॉप घेऊन बाहेर बसतो. शेवटी माझी मेहुणी डबा आणि पुठ्ठा घेऊन येते आणि पाहुण्याला कुंपणापर्यंत पोचवून येते. रस्त्यात मागच्याने हॉर्न वाजवला तर साडू आरशात बघून हात जोडतो. अशा माणसाच्या अंगावर बारा महिने काळा टी-शर्ट असतो आणि त्यावर वाळलेल्या मुळ्यांचा गुंता छापलेला असतो. तो गुंता नसून बँडचं नाव आहे, असं त्याचं म्हणणं. "वाचता येत नाही रे," असं मी म्हटलं की तो समाधानाने हसतो. नाव वाचता आलं की बँड बिघडला, असा त्या जगातला दंडक आहे म्हणे.

ज्यांना ब्लॅक मेटल म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांचं पूर्वपुण्य मोठं आहे. तरी सांगतो. चारदोन गिटारी मिक्सरमध्ये घालून झाकण न लावता मिक्सर सुरू करायचा, मागे एकाने जीव खाऊन ढोल बडवायचे आणि पुढे एकाने तोंडाला पांढराकाळा रंग फासून, घशात काटा अडकल्यासारखं ओरडायचं. विषय तीनच: मरण, थंडी आणि देवाची निंदा. हे संगीत नॉर्वेकडचं. पण साडूला नॉर्वे चालत नाही. तो ऐकतो फक्त माल्टाचं. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं एक चिमुकलं बेट. तिथे ऊन आहे, निळं पाणी आहे, पावलोपावली चर्च आहे, आणि बर्फ मात्र फ्रीजमध्येच. "मग ही मंडळी थंडीवर गाणी कशी करतात?" असं मी एकदा विचारलं. भूमितीचा उपयोग विचारणाऱ्या चौथीतल्या पोराकडे गुरुजींनी बघावं, तसं साडूने माझ्याकडे पाहिलं. "अरे, तीच तर साधना आहे! नॉर्वेवाल्यांचं काय कौतुक? खिडकी उघडली की समोर अंधार, बर्फ, जंगल, सगळं रेडीमेड. माल्टावाल्याला बाहेर बघावं तर आइस्क्रीम खाणारे टूरिस्ट! त्याला सगळा अंधार आतून काढावा लागतो."

आतून अंधार काढणारे असे पाचसहा बँड त्या बेटावर आहेत आणि साडू त्या सगळ्यांचा कुलवृत्तांत जाणतो. कोण कुणातून फुटला, कुणी कुणाचा गिटारवाला पळवला, कोण कुणाचं तोंड बघत नाही. फक्त ड्रमर एकच आहे. बेट लहान, ड्रमर एकच, त्यामुळे एकमेकांच्या रक्ताला तहानलेल्या सगळ्या बँडांमध्ये तोच बिचारा आलटूनपालटून वाजवतो. महामारीत या ड्रमरला कोविड झाला आणि अख्ख्या देशातलं काळं संगीत ठप्प झालं. साडूच्या घरात सुतकी वातावरण होतं. मेहुणीने माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, "दोन दिवस नीट जेवला नाहीये गं." कोण आजारी आहे हे कळल्यावर माझ्या बायकोने जे उद्गार काढले ते छापण्यासारखे नाहीत.

त्याच लॉकडाऊनमध्ये मेहुणीने घरात सत्यनारायण घातला. गुरुजी चिंचवडहून झूमवर. कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच सोवळं, या न्यायाने साडूने टी-शर्टवरच उपरणं घेतलं होतं. कथा ऐन रंगात आली आणि उपरणं घसरलं. गुरुजी चष्मा वर करून म्हणाले, "यजमान, छातीवर ते काय?" खोटं बोलणं साडूच्या रक्तात नाही. "उलटा क्रॉस आहे, गुरुजी." गुरुजींनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग गुरुजी म्हणाले, "असू दे. पळीभर पाणी सोडा." साडूची लेक शेजारी बसून पुटपुटली, "डॅड, यू आर सो क्रिंज," आणि प्रसादाची वाटी घेऊन खोलीत निघून गेली. मला विचाराल तर त्या दिवशी धर्माची आणि सैतानाची बाजू एकट्या गुरुजींनीच सांभाळली.

घरात हे संगीत लावायला मेहुणीची बंदी होती, म्हणून साडूने गॅरेजात मठ स्थापन केला. मेलबर्नमध्ये तेव्हा बंदिवासच होता. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, तोंडाला मास्क, कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. माझं घर दुर्दैवाने पाच किलोमीटरच्या आत. त्यातून माझी नोकरी गोदामातली, म्हणजे मला घराबाहेर पडायची मुभा. त्यामुळे शिफ्टवरून येताना बहिणीच्या घरी डबा पोचवायचं काम बायकोने माझ्या गळ्यात मारलं होतं. डबा ड्राइव्हवेवर ठेवून मी निघणार तोच गॅरेजचं शटर वर जायचं आणि आतून आवाज यायचा, "थांब ना, एकच ऐकून जा."

हे 'एकच' म्हणजे त्याचं दैवत. एक काळी कॅसेट, होय, कॅसेटच. सीडी काढणारे बँड त्याच्या लेखी बाजारू. या बँडच्या नावाचं साडूने माझ्यासाठी मराठी केलं होतं, 'मिठागरातलं प्रेत'. त्याचा गायक म्हणजे साडूचा परात्पर गुरू. त्याला हा पत्रं लिहायचा ती 'हे अंधाराच्या स्वामी' अशी सुरुवात करून, आणि अंधाराचे स्वामी 'चिअर्स' म्हणून उत्तर द्यायचे. कॅसेटच्या सुरुवातीला एका म्हातारीचा खरखरीत आवाज होता. ती काहीतरी म्हणायची, थांबायची, पुन्हा तेच म्हणायची, पुन्हा थांबायची. असं मिनिटभर चाले आणि मग मिक्सर सुरू होई. साडूचा सगळा जीव त्या थांबण्यात होता. "ही काळी प्रार्थना आहे," तो डोळे मिटून सांगायचा, "आणि तो गॅप ऐक. ती हाक मारते आणि देव उत्तर देत नाही. तेवढ्या गॅपमध्ये अख्खी फिलॉसॉफी आहे, मेट!" या शांततेवर त्याने इंटरनेटवर एक लांबलचक इंग्रजी निबंध लिहिला होता आणि ब्राझीलपासून पोलंडपर्यंतच्या काळ्या टी-शर्टांनी त्याला माना डोलावल्या होत्या. वेळेवर गरम वरणभात मिळणारा माणूस विश्वाच्या पोकळीबद्दल किती तळमळीने बोलू शकतो, हे मी त्या ड्राइव्हवेवर उभ्याने ऐकलं आहे.

या मठाला शत्रू एकच होता, कुंपणापलीकडची आजी. ऐंशीच्या पुढची, कायम काळ्या कपड्यात, एकटी राहणारी, टोमॅटो आणि लिंबाची झाडं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली. काळे कपडे आणि टोमॅटो एवढ्या पुराव्यावर साडूने तिला इटालियन ठरवून टाकलं होतं. तिनेही याला श्रीलंकन डॉक्टर ठरवलं होतं आणि अधूनमधून कुंपणावरून गुडघेदुखीवर इलाज विचारायची. "बर्फाने शेका," असं सांगून हा सुटका करून घ्यायचा. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना याहून जास्त काही विचारलं नव्हतं. मात्र गॅरेज सुरू झालं की आजी झारी बाजूला ठेवून कुंपणावरून ओरडायची, "दॅट्स नॉट म्युझिक, डॉक्टर! दॅट्स अ डिझीझ!" एकदा तर तिने चर्चमधलं मंतरलेलं पाणी आणून कुंपणावरून गॅरेजच्या दिशेने शिंपडलं. दुसरा कुणी असता तर भांडला असता. साडूने मला आनंदाने फोन केला. "अरे, माझ्यावर होली वॉटर टाकलं! खुद्द नॉर्वेत कुणाच्या नशिबी नसेल हे!" त्या दिवशी तो टी-शर्ट त्याने धुवायला टाकला नाही.

मग हिवाळा संपता संपताची ती दुपार. मी डब्यात थालीपीठं घेऊन उभा, शटर वर, कॅसेट सुरू. म्हातारीने पहिली ओळ म्हटली. थांबली. साडूने डोळे मिटले, बोट वर केलं, आणि त्या पवित्र पोकळीतून उत्तर आलं.

आधी वाटलं, कॅसेटच बिघडली. टेपवरच्या म्हातारीने पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा मोकळ्या जागेत दुसऱ्या म्हातारीचा आवाज बरोब्बर भरला गेला, शेवटचा शब्द लांब ओढून. आवाज कुंपणापलीकडून येत होता. साडूने टेप बंद केली. देव नाही म्हणून पुस्तक लिहावं आणि छापून आल्यावर देवाचाच अभिप्राय यावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. आजी फाटकातून आत आली, मास्क नाकाखाली, हातात झारी तशीच. एरवी तिच्या कानापर्यंत फक्त मिक्सर पोचायचा; आज ती कुंपणाला लागूनच पाणी घालत होती. ड्राइव्हवेवर माझ्यापासून अंतर राखून उभी राहिली आणि म्हणाली, "ही तुला कुठे मिळाली?"

ती काळी प्रार्थना नव्हती. ती जपमाळेवरची रोजची प्रार्थना होती, दिवेलागणीला घरोघरी म्हणतात ती. एकीने अर्धी म्हणायची, थांबायचं, आणि उरलेली अर्धी घरातल्या बाकीच्यांनी म्हणायची. "त्या गॅपमध्ये काय आहे म्हणून काय विचारतोस?" आजी म्हणाली. "ती थांबलीय. तुमची पाळी आहे." आणि शेवटचा शब्द असा ओढतात तो फक्त तिच्या गावात. माल्टामधल्या. आजीने पुन्हा लावायला सांगितलं, मान वाकडी करून ऐकलं आणि निकाल दिला, "ही आमच्या बेकरीवाल्याची बायको. घसा पहिल्यापासून असाच. वारली ती."

एका मिनिटात साडूचे दोन आधार गेले. विश्वाची पोकळी म्हणजे बेकरीवाल्याच्या बायकोने घरच्यांसाठी सोडलेली जागा निघाली. आणि ज्या बेटासाठी याने इंटरनेटवर जग पालथं घातलं ते बेट इतकी वर्षं कुंपणापलीकडे टोमॅटोला पाणी घालत होतं. मी हसणार होतो. खरं तर हसायला सुरुवात झालीच होती. पण आजी खुर्ची मागत होती.

प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिने सांगितलं ते थोडकंच. गावात तिची धाकटी बहीण आहे, बिनलग्नाची, नन चालवतात त्या वृद्धाश्रमात. दर रविवारी ही फोन करायची. महामारी आली, आश्रमाची दारं बंद झाली आणि फोनही लागेनासा झाला. लागला तर कुणीतरी घाईत "ठीक आहे" म्हणून ठेवून देतं. बहिणीला विसरायला होतंय, ते आधीपासूनच होतं. गावात नात्याचं दुसरं कुणी उरलेलं नाही. आजीचा मुलगा दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला शेती करतो, मध्ये राज्यांच्या सीमा बंद, तो फोनवर म्हणतो, "नो न्यूज इज गुड न्यूज, मम." आजीने झारी जमिनीवर ठेवली. "ती असेल तोवर एकदा बोलायचंय," ती म्हणाली. "एवढंच."

साडू आत गेला आणि फोन घेऊन आला. माल्टामध्ये याच्या ओळखीची माणसं म्हणजे तोंडाला रंग फासलेली पाचसहा. पण ज्याच्या कॅसेटवर बेकरीवाल्याची बायको होती, तो गायक बहुतेक तिच्याच गावचा, बेकरीवाल्याच्या घरातला. "अंधाराच्या स्वामीला आजीचं काम सांगायचं?" मी म्हणालो. "तू गप रे," साडू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर खेकसला. त्याने मजकूर लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. 'हे अंधाराच्या स्वामी' काढून टाकलं आणि नुसतं 'भाऊ' अशा अर्थाचं काहीतरी घातलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अंधाराचे स्वामी दिवसा आजोबांच्या बेकरीत काम करतात असं त्यातून उघड झालं, म्हणजे तोंड सकाळी पिठाने पांढरं आणि संध्याकाळी रंगाने. कॅसेटवरचा आवाज त्याच्या आजीचाच. तिने स्वयंपाकघरात म्हटलं, याने टेप केलं. ती सवयीने थांबत राहिली आणि हा काही बोलला नाही. आश्रमात कुणालाच सोडत नाहीत, पण पाव लागतो; पाव रोज सकाळी तोच मागच्या दाराशी पोचवतो. बहीण जिवंत आहे. तो फोन घेऊन जाईल. पत्राच्या शेवटी कळकळीची विनंती होती: 'प्लीज, ननना बँडबद्दल काही सांगू नका.' साडूने ते मला दोनदा वाचून दाखवलं. गुरूचं असं पीठ सांडलेलं पाहून दुसरा एखादा भक्त खट्टू झाला असता. याची भक्ती वाढली.

तिकडची पावाची वेळ म्हणजे आमची दुपार, साडूच्या भाषेत 'लेट आर्वो'. आजी केस विंचरून, ठेवणीतला काळा ड्रेस घालून ड्राइव्हवेवर खुर्चीत बसली. साडूने फोन गॅरेजातल्या शिडीला टेकवून ठेवला आणि लांब उभा राहिला. मी डबा हातात धरूनच होतो. पडद्यावर आधी एक अरुंद बोळ दिसला, मग एक दार, मग व्हीलचेअर आणि तिच्यात इवलीशी बाई. आजीने नावाने हाक मारली. बाई बघत राहिली. आजीने आईचं नाव घेतलं, घराशेजारच्या विहिरीचं नाव घेतलं, लहानपणी मारायची तशी हाक मारली. बाईने शेजारच्या ननला काहीतरी विचारलं. नन अवघडून म्हणाली, "शी इज आस्किंग हू यू आर." मेहुणी घराच्या दारात उभी होती, तिने तोंडावर हात धरला. आणि मग आजीने प्रार्थनेची पहिली अर्धी ओळ म्हटली, शेवटचा शब्द लांब ओढून. आणि थांबली.

ती शांतता मी ऐकली आहे. तिच्यावर मात्र कुणी निबंध लिहू शकणार नाही. फोनला जरा उशिराच ऐकू जातं, तसं ते जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचलं, आणि व्हीलचेअरमधल्या बाईचे ओठ हलले. उरलेली अर्धी आली. बिनचूक, तसाच शब्द ओढून. आजी रडत होती आणि म्हणत होती, थांबत होती, आणि उत्तर येत होतं. मध्येच मला उत्तरात दुसरा एक घोगरा पुरुषी आवाज ऐकू आला. फोन धरणारा. साडू माझ्या कानाशी कुजबुजला, "तोपण म्हणतोय रे." मी शिडीकडे बघत राहिलो, कारण साडूकडे बघण्याची सोय नव्हती.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. कॅसेट त्या वेळात बंद. आजीने साडूला लिंबं दिली, टोमॅटो दिले, आणि तो डॉक्टर नाही हे कळल्यावरही गुडघ्याबद्दल विचारणं सोडलं नाही. कॅसेटचीही एक प्रत तिने मागून घेतली. पहिलं मिनिट ऐकायची आणि ढोल सुरू व्हायच्या आत खटकन बंद करायची. "पोरगा पाव चांगला करतो," ती म्हणायची, "त्याला सांग, तेच कर." बहिणीने तिला शेवटपर्यंत ओळखलं नाही. पण उत्तर द्यायला एकदाही चुकली नाही. पुढच्या उन्हाळ्यात, पावाच्या वेळेला, फोनवर फक्त बोळ दिसला आणि त्या पाववाल्या पोराचा चेहरा, रंग नाही, पीठ नाही. त्या दिवशी साडूने स्वतः जाऊन आजीच्या टोमॅटोंना पाणी घातलं.

सीमा उघडल्यावर आजीचा मुलगा आला आणि तिला टूवूंबाला घेऊन गेला. गाडीत बसताना तिने साडूच्या टी-शर्टवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय तरी काय?" साडूने सांगितलं. तिने मान हलवली, त्याचा गाल थोपटला आणि म्हणाली, "वाचता येत नाही तेच बरं आहे."

परवा तिच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेली म्हणाला. निरोप मेहुणीकडून आम्हाला कळला. आता कसली बंदी नाही, घरात बसता येतं, पाच किलोमीटरही कुणी विचारत नाही; तरी मी सवयीने ड्राइव्हवेवरच उभा राहिलो. शटर वर होतं. साडूने काळी कॅसेट लावली होती. बेकरीवाल्याच्या बायकोने म्हटलं, थांबली. आणि माझा साडू, चिंचवडचा, उलट्या क्रॉसवाला, त्या मोकळ्या जागेत हळू आवाजात उरलेली अर्धी म्हणत होता. अर्थ आम्हाला आजीने एकदा सांगितला होता: आमच्यासाठी शब्द टाक, आत्ताही आणि शेवटच्या घडीलाही, असं काहीसं. उच्चार चिंचवडचेच होते. शेवटचा शब्द मात्र त्याने व्यवस्थित ओढला.

इतक्या वर्षांत या माणसाला टोमणा न मारता उभा राहिल्याचा तो माझा पहिलाच प्रसंग. टेपवरची बाई पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबली. या वेळी साडूचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. टेप फिरत होती. ती थांबली होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. रोज डबा घेऊन उभं राहून राहून मलाही ते पाठ झालं होतं.

उरलेली अर्धी मी म्हटली.